चौकटी कंसातले उणे एक

मी, प्रियदर्शनी सुखदेव गजभिये, वय छप्पन्न, अविवाहित, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो धाकटा भाऊ दिग्विजय याने मागितला होता. त्याचा स्वतःचा अजून कोणी मागितलेला नाही.

कलम १. माझी मिळकत म्हणजे राहता फ्लॅट आणि त्याच सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा, जिथे मी आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकवते. दोन्ही स्वकष्टार्जित. वडिलार्जित म्हणावे असे माझ्याकडे फक्त नाक आहे.

कलम २. वारस कसे ठरले, ते लिहून ठेवते. दिग्विजय आयटीत मोठा साहेब. माझ्या पश्चात गाळ्यात सँडविचवाला बसवायचा, हे त्याने माझ्या हयातीतच ठरवून टाकले होते. गेल्या रविवारी गाळ्यात तो, बहीण दीपाली आणि नोकरी सोडून माझ्याबरोबर शिकवायला आलेली सृष्टी, असे आम्ही बसलो होतो.

तो म्हणाला, "ताई, पायथॉनच्या जमान्यात तुझं आर शिकतं कोण? क्लास तुझ्याबरोबरच संपणार. आणि ही सृष्टी आपली कोण लागते?"

सृष्टी मान खाली घालून वायरी गुंडाळू लागली. मला ते सहन झाले नाही.

"मग तूच ठरव," मी म्हटले. "हा घे कीबोर्ड. वारसांची नावं लिही, हवं त्याला वगळ. पडद्यावर उरतील ती नावं मी मृत्युपत्रात घालते."

"शब्द?"

"शब्द."

वयाने शेंडेफळ, तरी पहिले नाव त्याने स्वतःचे लिहिले. मग दीपाली, शेवटी सृष्टी. अशा रांगेला आरमध्ये व्हेक्टर म्हणतात. पायथॉन या दुसऱ्या संगणकभाषेत कंसात उणे एक लिहिले की रांगेतले शेवटचे नाव हाती येते, ही त्याच्या बोटांची सवय. आरमध्ये उणे म्हणजे वगळणे, हे त्याने कुठेतरी ऐकलेले. दोन्ही अर्धवट ज्ञानांची बेरीज करून त्याने सृष्टीला घालवण्यासाठी चौकटी कंसात उणे एक लिहिले आणि ऐटीत एंटर दाबले.

आरमध्ये त्याचा अर्थ, पहिला वगळा. पडद्यावर उरल्या दीपाली आणि सृष्टी.

"अरे, तू कुठे गेलास?" दीपालीने विचारले.

"बग आहे यात!"

"बग नाही," मी म्हटले, "भाऊ आहे."

कलम ३. त्यानुसार फ्लॅट दीपालीला. गाळा, फळा, संगणक आणि क्लासचे नाव सृष्टीला. गाळ्यात सँडविच यावे ते फक्त डब्यातून.

कलम ४. माझी पुस्तके नावाने किंवा क्रमांकाने वाटू नयेत, अट लावून वाटावीत. आरमध्ये तशीही निवड होते. अट अशी: "मॅडम, चालत नाहीये" एवढेच न म्हणता, संगणकाने काय चूक दाखवली ते वाचून येणाऱ्यालाच पुस्तक द्यावे. पुस्तके पुष्कळ उरतील. ती वाचनालयात द्यावीत.

शेजारचे गोपाळकृष्ण आपटे यांना काहीही नाही. विद्यार्थ्यांच्या दुचाक्या आवारातून हाकला आणि आमच्या नातीला क्लासात घ्या, अशा दोन मागण्या त्यांनी एकाच अर्जात केल्या. एकाच कंसात निवडणे आणि वगळणे एकत्र आले की आर चूक दाखवते. मीही दाखवली.

कलम ५. परवा दिग्विजयचा फोन आला.

"ताई, ऑफिसातल्या पोरांना विचारलं. वगळणं नुसतं पडद्यापुरतं असतं, मूळ रांग तशीच राहते. म्हणजे मी अजून आहे!"

"शाब्बास! भाऊ म्हणून तू जन्मभर आहेस, रविवारी जेवायला ये. पण निकाल साठवला की पक्का होतो. त्यासाठीच शुक्रवारी नोंदणी कार्यालयात चाललेय. तूही चल."

"मी कशाला?"

"वकील म्हणतात, साक्षीदार असा हवा की ज्याला मिळकतीतलं काहीच मिळणार नाही. सख्ख्यांत तसा तूच एक आहेस."

मग तो म्हणाला, "किती वाजता?"

स्थळ: पुणे
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: प्रियदर्शनी सुखदेव गजभिये (सही)

साक्षीदार:
१. साईनाथ वाघोले, वकील (सही)
२. दिग्विजय सुखदेव गजभिये (सही)