किल्लीचं लाल कार्ड

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

हर्षलाच्या कॉलेजनं नवं खूळ काढलंय. नोकरीतल्या इंजिनिअरला भेटायचं, प्रश्न विचारायचे, लिहून आणायचं. अकरावीची पोर! म्हणते, "आई, तुझ्या कंपनीतल्या अक्षदा मॅडमना विचार ना गं." मी तिथं लादी पुसते. पण विचारणार.

हिला इंजिनिअरच व्हायचंय. मला धडकी भरते. मागल्या खंडेनवमीला आमच्याकडं गजा फिटरची दोन बोटं गेली. तो मशीनमध्ये हात घालून होता आणि हरेशनं बटण दाबलं. हरेश आमच्याच आळीतला, तीन घरं सोडून.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मॅडम हो म्हणाल्या. रविवारी, खोपोलीला, त्यांच्या घरी. "तुम्हीपण या, मावशी." जाणार. पोर कशात पडतेय ते ऐकायचंय मला.

येताना टोलनाक्यापाशी हरेश दिसला. कंपनीनं काढल्यापासून पाण्याच्या बाटल्या विकतो. अजून एकच धरून बसलाय — "बटणाच्या पेटीवर कायबी लावलेलं नव्हतं!" मी तेव्हा त्याच्या बायकोला, ठमीला, तोंडावर बोलले होते, "बेवड्याला मशीनवर ठेवतंच कोण?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाय. नको बोलू.

रविवार, २१ सप्टेंबर

खोपोलीहून आत्ताच आलो.

मॅडमनी स्वतः चहा केला. हर्षलानं वही काढली. किती वर्षं शिकावं लागतं, रातपाळी असते का, बायकांचं ऐकतात का. मॅडम हसून सांगत होत्या. मीच मधे बोलले — "पण मॅडम, तिथं माणसाचे हातपाय जातात. त्याचं काय?" हर्षलानं कोपर मारलं.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, ते जाऊ नयेत हेच माझं काम." वहीत चित्र काढून दाखवलं. मशीनमध्ये कुणी हात घालणार असेल तर आधी बटणाच्या पेटीला लाल कार्ड बांधायचं. वर त्या माणसाचं नाव. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं बोटसुद्धा लावायचं नाही.

मग हर्षलानं कॉलेजनं दिलेला प्रश्न वाचला, "तुमच्या हातून झालेली मोठी चूक?"

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गजा. नुसत्या कार्डावर भागवलं मी. कुलूपपण घालायला हवं होतं. आता घालतो. गजा म्हणतो कार्ड बांधलं होतं, हरेश म्हणतो नव्हतं. कार्ड सापडलंच नाही. साहेबांनी हरेशला खोटं ठरवलं."

माझ्या कमरेला घराची किल्ली खोचलेली. किल्लीला लाल कार्ड.

मीच! पूजेची गडबड होती. सुपरवायझर ओरडत होता, "पेट्या चकचकीत करा, हार घालायचेत!" पेटीवर ते तेलकट कार्ड लोंबत होतं. पूजेला असलं घाण कोण ठेवतं? सोडलं. पेटी पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दोरी मजबूत, टाकवेना — घरी आणून किल्लीला बांधलं. वर इंग्रजी. मला काय कळतं!

नारळ फुटला. सगळे ओरडले, कर रं चालू! हरेशनं केलं. गजा मशीनच्या मागल्या अंगाला होता, कुणालाच दिसत नव्हता.

दोघंबी खरं बोलतायत.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसवला. हात जोडले, मागायला तोंड नाय.

बुधवार, २४ सप्टेंबर

सांगितलं तर? काम जाईल. पोलीस येतील का? गजाची आई मला उभी चिरेल. पोरीच्या फीचं कोण बघणार? नाय सांगितलं तर काहीच होत नाय. हरेश बाटल्या विकतो. विकतोच हाय.

आज त्यानंच हाक मारली, "ओ वैनी! मॅडमना सांगा, हरेश अजून जिता हाय!" हसत होता मेला. मी पदरानं कमरेची किल्ली झाकली.

शनिवार, २७ सप्टेंबर

हर्षलाची वही चोरून बघितली. सगळे प्रश्न हायत. चुकीचा तेवढा नाय. ते पान फाडलंय.

तिला इंग्रजी येतं. दोघी बाहेरून आलो की माझ्याकडून किल्ली घेऊन तीच कुलूप काढते. वर्षभर भंगारातलं कार्ड समजली असेल. वर गजाचं नाव — गजा तर गावोगाव हायत! रविवारी मॅडमकडं तिला कळलं असणार, माझ्याबरोबरच. सहा दिवस एक शब्द नाय. माझ्यासाठी पोरीनं पान फाडलं!

अंगणात पाण्याची चूल पेटवली होती. कार्ड आत टाकणार एवढ्यात मागून म्हणाली, "आई, प्लास्टिक आहे. वास येईल."

तेवढंच. मी किल्ली परत कमरेला खोचली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

उद्या खंडेनवमी.

सकाळी खिळ्याला नुसती किल्ली. दोरी कापलेली! दारातून बघते तर हर्षला हरेशच्या ओट्यावर. कार्ड मांडीवर उलटं ठेवलंय, वर दोन्ही हात. ठमी तिला पाणी देतेय. अजून काही बोललेली नाय. माझ्या दाराकडं बघतेय.

सोडलं मी. सांगायचं मीच. चालले.