गादीचं वाक्य ड्रायव्हिंग स्कूलला

तीर्थरूप मामा,

एका माणसाला एकाच वेळी किती दुकानांचं भलं मनापासून चिंतता येतं? मला याचं उत्तर येत नाही, आणि पदवीच्या परीक्षेत कुणी विचारलंही नव्हतं. तुम्हाला येत असेल, म्हणून आधी प्रश्न आणि मग नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण माझ्या खोलीत पलंग आणि टेबल यांच्यामध्ये मी उभीच जेमतेम मावते. वाकले असं धरून घ्या.) तुमची पाठ कशी आहे? मामी कशी आहे?

आईचा फोन आला होता. तुम्ही पाट्या रंगवायचं दुकान बंद करताय, ब्रश भंगारात देताय आणि गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने, असं ती म्हणाली. वर तुमचं वाक्यही तिने जसंच्या तसं पोचवलं : "आता दुकानाची पाटी वाचतो कोण? सगळ्या पाट्या आमच्या ग्रॅज्युएटबाईंच्या फोनात!" मामा, हे लागलं मला. पण मोठ्यांच्या निर्णयात नाक खुपसायचं माझं वय नाही. मी आपली खुशाली कळवायला लिहिते आहे, एवढंच.

तर माझं काम. इंटरनेटवर काही शोधलं की वर दोन-तीन जाहिराती येतात ना, त्या मी लावते. डझनभर दुकानांची खाती माझ्याकडे आहेत. सगळी एकाच पडद्यावर दिसतात. कोपऱ्यातलं नाव बदललं की दुकान बदलतं. चहाचा एक घोट दातांच्या दवाखान्याचा, दुसरा कुलूपवाल्याचा. प्रत्येकाला वाटतं मी फक्त त्याचीच आहे. (मलाही तसंच वाटतं, हीच अडचण आहे.) 'जगात एक नंबर' असं मी कुणासाठीही लिहीत नाही, कारण जग मी पाहिलेलं नाही. आमच्या मॅडम म्हणतात, "तू फार सरळ आहेस गं, या धंद्यात वाकडी होशील." अजून झालेले नाही.

गेल्या आठवड्यात गादीवाल्यांसाठी एक वाक्य सुचलं : 'डोळे मिटा, अंग सैल सोडा, पुढचं आमच्यावर सोपवा.' मला इतका आनंद झाला की कोपऱ्यातलं नाव न बघताच मी जाहिरात सुरू करून टाकली. नाव होतं ड्रायव्हिंग स्कूलचं.

संध्याकाळी त्या स्कूलच्या मालकांचा फोन. "अहो ताई, माझी पोरं रस्त्यावर गाड्या चालवतायत, आणि तुम्ही त्यांना डोळे मिटायला सांगताय?" मी रडकुंडीला येऊन माफी मागितली आणि जाहिरात उतरवली. दुसऱ्या दिवशी त्यांचाच पुन्हा फोन, आवाज खाली. चौकशीला इतके लोक कधीच आले नव्हते म्हणे. निम्मे नुसते हसून फोन ठेवतात, पण उरलेले नाव नोंदवतायत. ते वाक्य परत लावता येईल का? मॅडम मला झापायला म्हणून उठल्या होत्या. आकडे पाहून अर्ध्या वाटेतच खुर्ची ओढून बसल्या. भडकले ते गादीवाले. "माझी झोप त्याला का दिली?" असं ते ऑफिसात येऊन, सगळ्यांदेखत म्हणाले.

त्यांचं ओरडणं ऐकताना मला, उगाच, तुमचं दुकान आठवत होतं. शाळा सुटली की मी तिथे येऊन डब्यांची झाकणं सांभाळायची. टर्पेंटाइनच्या वासाने डोकं हलकं व्हायचं आणि मला वाटायचं, शिक्षण म्हणतात ते हेच असणार. खडूची दोरी ताणून तुम्ही भिंतीवर टिचकी मारायचात, निळी रेघ उमटायची, एक डोळा मिटून तुम्ही लांबून बघायचात आणि मग पहिलं अक्षर बैलाएवढं काढायचात. शेवटच्या अक्षरांना जागा उरायचीच नाही. 'केशकर्तना' पाटीवर आणि 'लय' शेजारच्या दारावर, हे तुमचंच काम. गावभर कुणाची तक्रार नव्हती. एक पाटी वाळल्याशिवाय तुम्ही दुसऱ्या दुकानाचं काम घेत नव्हतात. मला ते फार थोर वाटायचं. (मामी म्हणते, शिडी एकच होती म्हणून.)

आणि माझा निकाल लागला तेव्हा? घरातली पहिली पदवी म्हणून तुम्ही पेढ्याबिढ्यांच्या भानगडीत न पडता थेट ब्रश घेऊन आलात आणि आमच्या दारावर माझं नाव रंगवलंत. नाव ऐसपैस, पदवी बेलच्या बटणाला चिकटून. आजही पाहुणे बेल दाबतात तेव्हा त्यांचं बोट माझ्या पदवीवर पडतं. आई ती पाटी पुसते, बाबा पाटीकडे बघत चप्पल घालतात. मी लावलेली जाहिरात महिनाअखेर उतरली की कुठेच नसते, मामा. झाकणाला लागलेल्या रंगाएवढीही उरत नाही.

असो. तुमचा निर्णय तुमचा. मामीला नमस्कार.

तुमची भाची,
ग्रॅज्युएटबाई

ता. क. गादीवाल्यांचा राग अजून गेलेला नाही. त्यांचं म्हणणं, आता अशी जाहिरात हवी जी कुणाच्या चुकीने उठून दुसऱ्याच्या दुकानात जाणार नाही. त्यांच्या दुकानाची बाजूची भिंत मोठी आहे. तेव्हा मोबाइल दुरुस्तीवाल्याला जरा थांबवाल का? ब्रशही राहू द्या.

ता. क. दुसरा. थांबवाल हे गृहीत धरून, तुम्ही येताय असं मी गादीवाल्यांना सांगून टाकलं आहे. भिंत काल पांढरी करून घेतली. रंगारी शिडीवरून उतरताना म्हणाला, "ताई, इथे काय येणार आहे?"

मी म्हटलं, "माझे मामा."