पाण्यासारखं तेल

मंगळवार, ४ मार्च

गाडी मारून टाकली त्या गाढवाने!

सर्व्हिसिंगला दिली तेव्हा वाघ होती. आज आणायला गेलो, बटण दाबलं — मांजर. आठ सिलिंडरचं इंजिन, आणि आवाज शेजारच्या घरात कोणी शिलाई मशीन चालवावं तेवढा! तिथल्या हेडमेकॅनिकला — मी त्याला दाढी म्हणतो, नाव विचारायची गरज कधी पडली नाही — म्हटलं, काय केलंस? तर म्हणे, "काही नाही साहेब, कंपनीने आता पातळ तेल सांगितलंय. आतल्या फटी बारीक असतात ना, पातळ तेल सगळीकडे पटकन पोचतं." वर काचेच्या भांड्यात ओतून दाखवलं. पाणी! शुद्ध पाणी! मला न विचारता माझ्या गाडीत पाणी ओतलं आणि मलाच शाळा शिकवतोय.

तीस वर्षं भांड्यांचा कारखाना चालवला मी. प्रेसच्या दणदणाटात डोळे मिटून सांगायचो — कोपऱ्यातल्या मशीनचं बेअरिंग गेलंय. उघडलं की गेलेलंच असायचं. इंजिनियर लोक तोंडात बोटं घालायचे. कारखाना विकला तेव्हा सगळे म्हणाले बंगला घ्या, जमीन घ्या. मी ही गाडी घेतली. कशासाठी? सीटच्या कातड्यासाठी? आवाजासाठी! सकाळी सुरू केली की छातीत घुमायची. मशीनं थांबल्यावर तेवढाच एक आवाज उरला होता मला. तो या दाढीने एका बाटलीत घालवला.

बुधवार, ५ मार्च

सकाळी परत ऐकली. मेलेलीच.

शुक्रवार, ७ मार्च

जावई आलाय दोन दिवसांसाठी. त्याला घेऊन गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गेलो. म्हटलं, जरा ताणून बघू. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला. काही नाही! काटा लाल पट्टीत गेलेला, आणि आवाज जाड रजईखालून आल्यासारखा. जावई दाराच्या हँडलला लटकून काहीतरी पुटपुटत होता. तीनदा "काय?" म्हटलं तेव्हा कळलं — "बाबा, गिअर बदला, गिअर!" भेदरट! बँकेत मोठा साहेब आहे म्हणे. कर्ज घेणाऱ्यांशीही असाच कुजबुजत असेल, म्हणून तर कोणी फेडत नसेल.

रस्त्याकडेची माणसं थांबून बघत होती. एका बाईने पोराला जवळ ओढलं. गाडी देखणी आहेच, बघणारच. पण आतून पोकळ झालीय हे त्यांना काय ठाऊक!

घरी आल्यावर जावई स्वयंपाकघरात हिच्याशी बोलत उभा. मी आत गेलो तर दोघं गप्प. माझी गाडी बिघडली याचं या घरात कोणाला काही सोयरसुतक नाही.

रविवार, ९ मार्च

दिवसभर तेलावर वाचत बसलो. थोडं पेट्रोल वाचतं म्हणून सगळं जग पातळ तेलाच्या मागे लागलंय. असली गाडी घेणारा माणूस पेट्रोल वाचवतो? मग त्याने सायकल घ्यावी आणि गप्प बसावं.

हल्ली सगळंच पातळ. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या पोरी ओठसुद्धा नीट उघडत नाहीत. दाराची घंटा नवी आणली, तीही रडकी निघाली. आणि ही! सकाळी ओट्यापाशी गुणगुणायची, लग्न झाल्यापासूनची सवय. तेही बंद केलंय. रुसवा, दुसरं काय! कशाचा ते मी विचारणार नाही. असल्या नाटकांना भाव दिला की ती वाढतात.

घर फार सुनं वाटतं मात्र.

बुधवार, १२ मार्च

आज समोर उभं राहून जुनं घट्ट तेल घालून घेतलं. दाढीची टकळी चालूच — "साहेब, पुस्तकात पातळच लिहिलंय. घट्ट तेल वर चढायला वेळ लागतो, तेवढ्यात झीज होते." म्हटलं, गाडी कोणाची? माझी की पुस्तकाची? मग निमूटपणे आतून डबा आणला आणि ओतला.

सुरू केली. काडीचा फरक नाही! आणि तो निर्लज्ज हसून म्हणतो, "झकास वाजतेय की, साहेब!" माझ्या तोंडावर! ज्याच्या कानावर अख्खा कारखाना चालला त्याला हा आवाज शिकवणार!

घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. डबा आतून आणला होता. आधीच उघडलेला होता. घट्ट तेलाच्या डब्यात पातळ भरून शेंडी लावली मला.

गुरुवार, १३ मार्च

वर्कशॉपच्या मालकाला गाठलं. सरळ सांगितलं — हा माणूस चोर आहे. तो राहणार असेल तर मी आणि माझ्या ओळखीचे सगळे गाडीवाले तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. मालक म्हणजे लोणी, विरघळायला वेळ लागला नाही. हात चोळत राहिला. "बघतो साहेब, करतो काहीतरी." काढणार हा त्याला. नक्की काढणार.

दाढी मागे पाना पुसत उभा होता. पुसून झालेला पाना परत पुसत होता.

शनिवार, १५ मार्च

घरात कडाक्याचं भांडण. मालकाशी काय बोललो ते हिला कळलं. "अहो, काढतील ना त्याला! दोन पोरं आहेत त्याला. गाडीला काहीसुद्धा झालेलं नाही." म्हटलं, तुला इंजिनातलं काय कळतं? तर म्हणते, "इंजिनातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं." एवढं मात्र समोर उभी राहून ठणकावून बोलली. मग पाठ फिरवून परत पुटपुट. काय म्हणालीस, विचारलं तर अंगावर ओरडली! अलीकडे ही नवी तऱ्हा काढलीय हिने — आधी पुटपुटायचं, मग ओरडायचं. मधलं काही नाहीच!

ओरडून झाल्यावर पदराने डोळे पुसत बसली. एका मेकॅनिकसाठी रडते! मी कारखाना विकला त्या दिवशी नव्हती रडली.

बुधवार, १९ मार्च

मालकाचा फोन. फोनही असलाच, नुसती खरखर. हिने हातातून घेतला आणि खूप वेळ बोलत बसली. काय एवढं बोलायचं होतं त्या लोण्याशी? मग मला सांगितलं: शनिवारी बोलावलंय. आतलं तेल तुमच्यासमोर काढतील. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडतील. घट्ट तेल तुमच्या डोळ्यांदेखत घालतील. मग गाडी सुरू करायची आणि तुम्ही सांगायचं. तुम्ही जा म्हणालात तर तो मेकॅनिक त्याच दिवशी घरी जाईल, तसं तो स्वतःच म्हणालाय.

मूर्ख! आवाज आला तर आधीची लबाडी सिद्ध. नाही आला तर इंजिन याने बिघडवलं हे सिद्ध. दोन्हीकडून मेला. कोणाच्या भरवशावर कबूल झाला कोण जाणे.

शुक्रवार, २१ मार्च

उद्या. हीपण येते म्हणाली. जावई रजा काढून येतोय. या, या! तमाशा बघायला सगळे या.

शनिवार, २२ मार्च

डबा माझ्यासमोर फोडला. तेल माझ्यासमोर ओतलं. बॉनेट खाली घेतलं. दाढी गाडीत जाऊन बसला. बाकी सगळे गाडीभोवती उभे. मी वाट बघितली. म्हटलं, चल, कर सुरू! कोणी हललं नाही. मी ओरडलो — अरे, सुरू कर की! दाढीने काचेतून मालकाकडे बघितलं, मालकाने हिच्याकडे. ही पुढे आली. माझा हात धरून बॉनेटवर ठेवला.

बॉनेट थरथरत होतं.