चिकाचं भांडं

आबा,

न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन मी पालीला, आपल्या घरी राहायला आले आहे. सगळं आयुष्य बदल्यांच्या गावी गेलं. सरकारी बंगला, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाचा नारळसुद्धा घ्यायचा नाही. बाई सरळ आहे असं वकील म्हणायचे. ते ऐकायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तो सुटीतला दिवस डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही ओट्यावर तंबाखू मळताय, आणि वरच्या आळीतला शेतकरी म्हैस व्याली म्हणून चीक घेऊन येतो. त्याच्या मेहुण्याचा जमिनीचा दावा तिकडे, बदलीच्या गावी, माझ्यापुढे चालू होता. मी आतून उठून आले आणि भरलं भांडं तसंच त्याच्या हातात परत दिलं. चिकाचं भांडं रिकामं धाडायचं नाही, म्हणून आई त्यात घालायला साखर घेऊन मागे उभी होती. तो मान खाली घालून गेला. तुम्ही म्हणालात, "दुभतं कुनी माघारी धाडतं व्हय, माय? त्येनं काय मागितलं न्हाई, अन् तू त्येला चोर केलंस. तुजं कोर्ट तिकडं. हे माजं घर हाय."

"आज चीक घेतला तर उद्या निकाल विकला म्हणतील," मी म्हणाले. मला ते आजही बरोबरच वाटतं. पण त्यानंतर हुरडा असो की चीक, लोक आपल्या दारावरून भांडी झाकून पुढे जायला लागले. तुम्ही ओट्यावर बसायचंच सोडलंत. शिक्षा तुम्हाला झाली, आबा, आणि तिच्यावर अपील नव्हतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली, पण अंगणातच थांबली. "साहेब, हे तरी चालंल का?" तिनं विचारलं. मी भाकरी घेतली.

आता माझ्यापुढे कुणाचाच दावा नाही. त्याच शेतकऱ्याच्या मुलाकडे परवा म्हैस व्याली. आज सकाळी त्या मुलाची बायको घरोघर चीक वाटत आली आणि आपलं दार सोडून पुढच्या घरी गेली. तिचं काय चुकलं? लग्न होऊन आल्यापासून तिनं हेच ऐकलं असणार.

हे पत्र कुठे टाकणार, राहील उशीखाली. एवढंच सांगते, ती आळीत शिरल्यापासून मी साखरेची वाटी घेऊन दाराआड उभी होते.