शेवाळी बेडकाचा पुरावा

५ जुलै १९७६
आले एकदाची नागपुरात! रामदासपेठेतल्या प्राणी-नोंद कार्यालयात रुजू झाले. खोली घरमालकीण यमुताईंच्या माडीवर. त्यांचा पाटोडीरस्सा इतका झणझणीत, की नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दोनदा वाढून घेतला. काम मोठं गमतीचं आहे. भंडाऱ्याकडच्या जंगलात शेवाळी बेडूक उरलाय का, ते ठरवायचं. उरला असेल तर तिथली लाकूडतोड थांबेल. मुकुंदराव साहेबांनी बजावलं, नुसता पाहिला म्हणून चालत नाही, बरणीत नमुना हवा.

९ जुलै
शिपाई चंद्रभानने त्या जंगलातल्या नाल्यातून एक जोडी आणली. हिरवी, बोटभर. साहेब खूश. हातमोजे संपलेले, तेव्हा उघड्या हातांनी मीच त्यांना नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं. मादी माझ्या मुठीत फुटली. शिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी नखांत शिरली. शी! किती साबण लावला, तरी जेवताना तो बुळबुळीतपणा आठवला आणि ताट बाजूला सारलं.

१७ जुलै
चंद्रभानने सगळे नाले पालथे घातले, दुसरा बेडूक नाही. बरणीतली जोडी मेलेली, मग 'उरला' कसं म्हणायचं, असं साहेब म्हणतात. अहवालात 'नामशेष' लिहिणार. आपणच मारायचे आणि आपणच सुतक पाळायचं! किळस येते या कारभाराची. उजव्या तळव्याला खाज सुटली आहे.

२३ जुलै
तळव्यावर फोड. पारदर्शक, प्रत्येकात काळा ठिपका. डॉक्टर घामोळं म्हणाले. यमुताईंनी ताट दारातच ठेवलं. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "तुझ्या अंगाले डबक्याचा वास येऊन राहिला वं. आंग काहून धूत नाहीस?"

२६ जुलै
ठिपके हलतात. हात पाण्यात ठेवला की गप्प. सुकला की आतून ढुशा. दोनदा ओकले.

२८ जुलै
कोपरापर्यंत. शेपट्या फुटल्यात. मला माझीच शिसारी — हा हात माझा म्हणवत नाही.

२९ जुलै, कार्यालय
साहेबांना हात दाखवला. त्यांचे डोळे भरून आले. "बेडूक उरला," म्हणाले, "आता तोड थांबलीच समजा." मग चंद्रभानला सर्वांत मोठी बरणी आणायला सांगितलं.

डाव्या हाताने लिहितेय. साहेब माझ्या उजव्या दंडाला दोरी आवळताहेत. फार वेळ लागणार नाही म्हणतात. चंद्रभान माझ्याकडे बघत नाही. फॉर्मॅलिनचा वास — आत सगळे एकदम खांद्याकडे —