आरसा मीच दाखवला

आई, तुझ्या पणतीला अजून एकही दात नाही. वर्ष उलटून गेलं. परभणीच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, वाढ चांगली आहे, दीड वर्षापर्यंत वाट बघा, नाहीच आले तर पुन्हा आणा म्हणाले. मला पटलं, पण घराला पटत नाही. चारठाण्याहून नणंद येऊन राहिल्यात. रोज दुपारी त्या पोरीच्या हिरड्यांवरून बोट फिरवतात आणि शेजारच्या बायका वाकून बघतात. परवा त्या सुनेला सरळ म्हणाल्या, "तुझ्या दुधातच काय न्हाई गं. तोड ते आता." मी डॉक्टरांचं सांगितलं, तर माझ्या शिक्षणावर हसल्या. संध्याकाळी पोर रडत होती आणि सून तिला जवळ घेईना.

मला तुझं सोनपेठचं स्वयंपाकघर आठवलं. माझ्याही मुलाला दात उशिराच आले. दात यायच्या आधी बाळाला आरसा दाखवला की दात येणं लांबतं, असं सगळ्या मानायच्या. बायका मला बोलायला लागल्या तेव्हा तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आरसा म्याच दाखिवला. तिला काय बोलायलाव?" सगळ्या तुझ्याकडे वळल्या. त्या गेल्यावर मी चिडले, खोटं कशाला बोललीस म्हणून. तू भाकरी उलटलीस. "दात येतेतच गं. तवर बायांला बोलायला कायतरी लागतंय ना."

तर काल मीही सांगून टाकलं. वन्स, आरसा मी दाखवला. नणंदेचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "शिकून शिकून हेच का वैनी?" आता घरातल्या सगळ्या आरशांवर टॉवेल आहेत आणि बोलणी मला आहेत. ती मी खाते. पण सुनेलाही ते खरं वाटलं, आई. तू मला निदान लगेच सांगितलंस. हिला सांगावं, तर ही एवढी भोळी की नणंदेच्या पहिल्याच टोमण्याला सगळं बोलून बसेल, आणि विषय पुन्हा दुधावर येईल. म्हणजे दात दिसेपर्यंत मी गप्प.

आज दुपारी ती पोरीला पाजत होती. मी खोलीत पाऊल टाकलं तशी तिने पाठ फिरवली आणि पदराने पोरीचं तोंड झाकलं. मी फडताळातून उगीच एक वाटी घेतली आणि बाहेर आले. वाटीचं मला काही काम नव्हतं.