समज मिळाली

विश्रांतवाडी, ५ मार्च

ती. कल्याणीआत्यास,
शि. सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काल प्राचार्यांनी मला लेखी कळवलं, ‘कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपणांस समज देण्यात येत आहे.’ संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या तेजस माझ्या अकाउंट्समध्ये दोन मार्कांनी नापास झाला. त्याला पास करा, असं सर सांगत होते; मी नाही म्हटलं. तेव्हापासून ते बोलत नव्हते. आता समज, म्हणजे समजून घेतलं ना? ‘कसूर’चा अर्थ लागला नाही, पण मी पोच दिली आणि आभार मानले. सर जरा दचकले.

माया असू दे.
तुझी तनुजा


नारायण पेठ, ८ मार्च

चि. तनुजास,
अ. उ. आ.

तुला इंग्रजी शाळेत घातल्याचं फळ दादाला मिळालं. बाळ, आई रागावते, शेजारी कानउघाडणी करतात आणि साहेब समज देतात. तिन्हींत शिव्याच असतात; साहेबांच्या फाइलला लागतात, एवढंच. तुझे आभारही लागले असतील. मी मुख्याध्यापिका असताना पुष्कळांना समज दिली. आभार मानणारी तूच पहिली.

तू अजून कायम झालेली नाहीस, तेव्हा हसण्यावारी नेऊ नकोस. कसूर नेमकी कोणती, हे नम्रपणे लेखी विचार. उत्तर लिहिताना त्यांनाच कारण शोधावं लागेल.

यापुढे आभार मानण्याआधी अर्थ विचारत जा.
कल्याणीआत्या


विश्रांतवाडी, २ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

विचारलं. सरांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, म्हणाले की मॅडम, वाढवू नका. मी म्हटलं, नापासाला पास केलं नाही, असं लिहून द्या, मी सही करते. त्यांनी चहा संपवला आणि समजपत्र परत घेतलं. तेजस नापासच राहिला. परवा मात्र कळवलं की जूनपासून माझी गरज नाही. त्याला कारण द्यावं लागत नाही म्हणे.

बाबा दोन दिवस बोललेले नाहीत. मलाही रडू येतं, आत्या. चुकलं का माझं?

तनुजा


नारायण पेठ, ५ मे

चि. तनुजास,
अ. उ. आ.

नाही.

दादा काल इथे येऊन गेला. पोरीने दोन मार्कांपायी नोकरी घालवली, असं खुर्चीत बसायच्या आत म्हणाला. मी त्याला समज दिली. कारणासकट दिली: मुलगी सरळ निघाली, याचं बापाने सुतक पाळू नये. तो कॉफी न घेता उठला. चपला घालताना मात्र दाराशी रेंगाळला आणि विचारलं की दुसऱ्या कॉलेजांचे अर्ज कधी निघतात. तुला थेट विचारायची त्याला लाज वाटते. तूच आधी बोल. तो मोठा आहे, त्याला जमणार नाही.

रविवारी जेवायला ये. त्यालाही घेऊन ये.

तुझीच,
कल्याणीआत्या